रिकाम्या हाताचा वीर

सालाबादप्रमाणें यंदाहि वार्षिकाच्या संपादकमंडळानें आमच्याकडे लेखाची मागणी केली. आम्ही गणित शिकवितों; तेव्हां विद्यार्थ्यांची समजूत अशी कीं, आमचा लेख म्हणजे कूटप्रश्नांचें एक पान असावयाचें; आणि पालकांची अशी कीं, मुलांनीं मोबाइलपासून दूर कसें राहावें याविषयीं चार हिताच्या गोष्टी त्यांत असावयाच्या. या दोन्ही वर्गांची निराशा करण्याचें आम्हीं ठरविलें आहे. आज आम्ही मोबाइलवरील एका खेळांतील एका गड्याविषयीं लिहिणार आहों. हा खेळ आम्हीं सहा आठवडे, रोज रात्रीं जेवणानंतर, चष्मा पुसून पुसून पाहिलेला आहे. तेव्हां ऐकीव माहितीवर लेखणी उचलली असा आरोप तरी आमच्यावर येऊं नये.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यांत आमचे चिरंजीव (इयत्ता आठवी) अंगणांतील शेवाळावरून घसरले आणि उजव्या पायाचें हाड मोडून घेऊन सहा आठवडे प्लास्टरमध्यें पडून राहिले. पहिले चार दिवस बरे गेले. मंडळींतील लोक भेटीस आले, प्रार्थना झाल्या, नारळाच्या वड्या आल्या. पांचव्या दिवशीं वड्या संपल्या आणि कंटाळा आला. तेव्हां मुलाच्या मामानें आपल्या जुन्या मोबाइलमध्यें एक खेळ घालून तो त्याच्या उशाशीं ठेवला. मामालोकांचें हें कर्तव्यच असतें. आम्हीं नापसंति दर्शविली; पण पाय मोडलेल्या मुलापुढें बापाची नापसंति फार वेळ टिकत नाहीं.

खेळाचें नांव 'फायनल फॅन्टसी'. जपानांतील स्क्वेअर नांवाच्या कंपनीनें तो १९८७ सालच्या डिसेंबरांत प्रथम काढला. हिरोनोबु साकागुची हे त्याचे मुख्य कर्ते. पुढें त्या नांवाचे पुष्कळ खेळ निघाले, पण चिरंजीवांना मिळाला तो अगदीं पहिला, २०२१ सालीं नव्यानें सजवून बाहेर काढलेला. गोष्ट अशी कीं, पृथ्वी, अग्नि, जल आणि वायु या चार तत्त्वांचे चार स्फटिक काळवंडले आहेत. वारा पडला आहे, समुद्र खवळला आहे, जमीन नासत चालली आहे. अशा वेळीं हातीं एकेक काळवंडलेला स्फटिक घेऊन चार तरुण एका राज्याच्या वेशीपाशीं येतात. हे चौघे कोण असावे, हें खेळणारानें ठरवावयाचें. सहा प्रकारचे लोक निवडीसाठीं उभे असतात. तलवारबहाद्दर योद्धा, चपळ चोर, जखमा बऱ्या करणारा पांढरा जादूगार, आग आणि वीज पाडणारा काळा जादूगार, सगळेंच थोडें थोडें येणारा तांबडा जादूगार (असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो), आणि सहावा, ज्याच्याविषयीं हा लेख आहे.

जपानी खेळांत या सहाव्याचें नांव 'मंक', म्हणजे मठवासी. तें ऐकून आमच्या डोळ्यांपुढें युरोपांतील झगा घातलेले, पोथ्या नकलून काढणारे संन्यासी उभे राहिले. आम्हीं घेतलेल्या शिक्षणाचा हा परिणाम. चित्र पाहावें तों पोथी नाहीं, झगा नाहीं, नुसता आखाड्यांतला गडी! १९९० सालीं हा खेळ अमेरिकेंत इंग्रजी भाषेंत गेला, तेव्हां याला 'ब्लॅक बेल्ट' हें नांव दिलें होतें, आणि खरें पाहतां तेंच त्याला अधिक शोभतें. तथापि चिरंजीवांच्या मोबाइलमध्यें तो मंकच होता. आम्हीहि तसेंच म्हणूं.

चिरंजीवांनीं योद्धा, मंक, पांढरा आणि काळा जादूगार असे चौघे निवडले. कॉर्नेलिया नांवाच्या पहिल्या गांवांत शस्त्रांचें दुकान आहे, चिलखतांचें दुकान आहे, आणि मंत्रांचेंहि आहे. कारण तेथें जादूगारांना मंत्रसुद्धां विकतच घ्यावे लागतात. खिशांत नाणीं थोडीं. आम्ही हिशेबाचे मनुष्य, म्हणून खजिनदारी आपोआपच आमच्याकडे आली. योद्ध्याला शस्त्र आणि चिलखत, जादूगारांना एक दोन मंत्र. मंकसाठीं चिरंजीवांनीं एक नन्चाकू घेतला. नन्चाकू म्हणजे जोडून बांधलेले दोन दांडके. "याला ढाल?" आम्हीं विचारलें. याला ढाल धरतांच येत नाहीं असें कळलें. "निदान चिलखत?" "कशाला पप्पा? पैसे वांचवूं."

गांवाबाहेरच्या रानांत गॉब्लिन नांवाचीं खुजीं भुतें फिरत असतात. पहिल्या संध्याकाळीं आमचा मंक त्यांच्यापुढें दोनदां आडवा झाला. दुसऱ्या संध्याकाळीं लांडग्यांनीं त्याला पाडलें. योद्धा मात्र खणखणीत उभा! आम्हीं पोक्तपणें सल्ला दिला, "अरे, याला काढ आणि याच्या जागीं दुसरा योद्धा घे. खायला काळ झाला आहे नुसता."

चिरंजीव पडद्यावरून दृष्टि न काढतां म्हणाले, "थांबा पप्पा. हा नंतरचा आहे."

हा 'नंतरचा' म्हणजे काय, हें समजून घेतल्यावांचून आमच्यांतील गणिताच्या मास्तरास झोप येणें शक्य नव्हतें. आम्हीं मूळ १९८७ च्या खेळाचे नियम मिळविले आणि वहींत मांडून पाहिले. अनुभव मिळेल तसा प्रत्येक गडी एकेक पायरी वर चढतो. तिला लेव्हल म्हणतात. आम्ही शाळामास्तर असल्यामुळें इयत्ता म्हणूं. मूळ खेळांत अशा ५० इयत्ता आहेत. आतां इतर गड्यांचा मार मोजावयाचा तो असा: शस्त्राचा आंकडा, अधिक अंगच्या बळाचा निमा आंकडा. म्हणजे शस्त्र उत्तम तर मार उत्तम. शस्त्र गेलें कीं उरला तो निमा. मंकचें गणित निराळें. त्याचा हात रिकामा असेल तर माराचा आंकडा इयत्तेच्या दुप्पट धरावयाचा. पहिलींत २, पांचवींत १०, विसावींत ४०, पन्नासावींत १००. शिवाय हात रिकामा असतांना एका पाळींतील त्याच्या ठोशांची संख्याहि दुप्पट होते. अंगावर कांहींच चढविलें नसेल तर त्याची कातडी हेंच चिलखत, आणि त्याचा आंकडा इयत्तेइतका.

पहिल्या इयत्तेंत मंकचा ठोसा २ आणि कातडी १! नन्चाकूचा आंकडा १२. त्या वेळीं नन्चाकू टाकून देणारा मूर्खच म्हटला पाहिजे. पण सहा दुणे बारा होतात. ठोसा हळूहळू दांडक्याला गांठूं लागतो. बळाचा निमा आंकडा हिशेबांत धरला, मधल्या गांवीं थोडा जड नन्चाकू मिळाला, तरीहि दहावीच्या पुढेंमागें एक दिवस असा उजाडतो कीं, हातांतील शस्त्र हीच त्या हाताला अडचण होऊन बसते. दहावीचें महत्त्व जपानी लोकांनाहि ठाऊक आहे, असें आमचे एक सहकारी यावर म्हणाले.

पालकांनीं या गड्याचा आणखी एक गुण ध्यानांत घ्यावा. योद्ध्याला दर गांवीं नवी तलवार, नवें चिलखत, नवें शिरस्त्राण लागतें. त्याच्या मागण्या ऐकून आमच्या डोळ्यांपुढें जून महिन्यांतील गणवेशाचें दुकान उभें राही. मंक एकदां नन्चाकूंतून सुटला कीं, पुढें दमडी मागत नाहीं. त्याची बचत जादूगारांच्या मंत्रांकडे जाते. घरांतील एखाद्या मुलानें कांहीं मागूं नये आणि त्यावर इतरांचें शिक्षण व्हावें, तसा हा प्रकार.

या गड्याचें मूळ कोठलें, हेंहि आम्हीं शोधून पाहिलें. ही कल्पना प्रथम अमेरिकेंत निघाली. १९७४ सालीं तेथें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा, टेबलाभोंवतीं बसून कागद आणि फांसे घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याला १९७५ सालीं 'ब्लॅकमूर' नांवाची पुरवणी जोडली गेली आणि तींत रिकाम्या हातानें लढणारा मंक पहिल्यानें आला. १९७८ सालच्या त्यांच्या नियमपुस्तकांत त्याचें आयुष्य सर्वांत लहान, चार बाजूंच्या फांशावर ठरवावें असें सांगितलें आहे. म्हणजे तेथेंहि हा आरंभीं काडीपैलवानच.

त्याच्यामागें सावली आहे ती चीनच्या हेनान प्रांतांतील शाओलिन मठाची. पांचव्या शतकाच्या अखेरीस तो एका भारतीय भिक्षूसाठीं स्थापन झाला असें परंपरा सांगते. पुढें दक्षिण भारतांतून गेलेल्या बोधिधर्मानें तेथील भिक्षूंना मुष्टियुद्ध शिकविलें, अशीहि कथा आहे. ती आपणां भारतीयांना फार आवडते, पण इतिहासकार ती मानीत नाहींत, कारण ती पुष्कळ शतकांनंतरच्या ग्रंथांत प्रथम दिसते. आम्हांस मौज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. सोळाव्या शतकांत शाओलिनच्या भिक्षूंची कीर्ति होती ती त्यांच्या लाठीसाठीं! रिकाम्या हाताची विद्या तेथें नांवारूपास आली ती लाठीच्या मागून.

'कराते' या शब्दाची कथाहि अशीच. ओकिनावा बेटांत आरंभीं हा शब्द 'चिनी हात' अशा अर्थानें लिहीत. पुढें उच्चार तोच ठेवून अक्षर बदललें, आणि अर्थ झाला 'रिकामा हात'. १९३६ सालीं तेथील गुरूंच्या बैठकींत तें नांव पत्करण्यांत आलें. ही विद्या १९२२ सालीं टोकियोस नेऊन दाखविणारे गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) यांचा व्यवसाय कोणता असावा? ते शाळामास्तर होते. तें वाचलें त्या रात्रीं आम्ही दोन पोळ्या अधिक जेवलों.

कारण एव्हांना आमच्या मनानें घेतलें होतें कीं, हा मंक म्हणजे आम्हीच.

आम्ही २००५ सालीं या पेशांत आलों, तेव्हां खडूच्या पेटीबरोबर वेताची छडीहि हातीं येत असे. ज्यांच्या हाताखालीं आम्ही शिकलों त्यांच्या टेबलावर ती होती. अध्यापन महाविद्यालयांत बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनीं सोडवून आलेले आम्ही, पहिल्याच आठवड्यांत तिचे उपासक झालों. पुढें बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमानें मुलांना मारणें बंद झालें. स्पष्ट सांगावयाचें तर छडी आम्हीं सोडली नाहीं. ती आमच्या हातून काढून घेतली गेली. ती कपाटावर जाऊन पडली. नंतरचीं दोन वर्षें आमची अवस्था पहिल्या इयत्तेंतील मंकसारखी झाली. मागच्या बांकावरून शिट्ट्या येत. फळ्याकडे वळलों कीं खडूचे तुकडे येत. कितीदां आम्हीं कपाटाकडे पाहिलें असेल!

पण वर्ग हळूहळू ताब्यांत आला. इतका आला कीं, आमच्या तासाला पंख्याचा आवाज ऐकूं यावा. सहकारी विचारीत, "तुमचा वर्ग एवढा शांत कसा हो?" आम्ही उत्तरादाखल दोन्ही तळहात उघडे करून दाखवीत असूं. छडी नाहीं, पट्टी नाहीं, कांहीं नाहीं! या उघड्या हातांचा आम्हांस मोठा अभिमान होता. (नन्चाकू आधीं घ्यावाच लागतो, या न्यायानें नव्या मास्तरानेंहि आरंभीं छडी घ्यावी, असें कोणी म्हणेल. पण नन्चाकूचा मार गॉब्लिनांवर पडतो. वर्गांत गॉब्लिन नसतात, पालक कांहींहि म्हणोत.)

असो. पडद्यावरील मंकने दहावी ओलांडली ती प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यांत. दलदलीच्या एका गुहेंत एक मुकुट आहे, आणि त्यावर विद्रूप राक्षसांचा पहारा आहे. गुहेच्या तोंडाशीं चिरंजीवांनीं मंकच्या हातांतील नन्चाकू काढून टाकला. आम्हीं आमची वही उघडून आंकडे ताडून पाहिले आणि मान डोलावली. आंत गेल्यावर जें झालें तें पाहण्यासारखें होतें. योद्ध्याची तलवार एकदां दोनदां चमकावी, तों या गड्याचे ठोसे सडसड पडत. ज्याला काढून टाक म्हणून आम्हीं सांगितलें होतें, तोच पुढें उभा राहून तिघांना सांभाळीत होता. मुकुट मिळाला. मुलाची आई कामें टाकून पाहावयास आली. बिस्किटें वांटण्यांत आलीं.

आनंदाच्या भरांत आम्ही म्हणालों, "पाहिलेंस? निःशस्त्र मनुष्याचें बळ असें असतें."

चिरंजीव बिस्किट खातां खातां म्हणाले, "निःशस्त्र कुठला, पप्पा? योद्धा झोपतांना तलवार बाजूला ठेवूं शकतो. ह्याला कांहीं ठेवतांच येत नाहीं. हा कुठेंहि गेला तरी हत्यार घेऊनच."

मुलगा सहज बोलून गेला. आम्ही त्या रात्रीं बराच वेळ जागे होतों.

२०१६ सालची गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गांत एक मुलगी होती. बीजगणितांत मागें, पण फळ्यावर बोलाविलें तर येई, चुकलें तर पुसून पुन्हां मांडी. एके दिवशीं एका सोप्या पदावलीचे अवयव तिला पाडतां येईनात. आम्ही दोन मिनिटें थांबलों. मग म्हणालों, "बाई, तुमच्या डोक्याला कोणी शून्यानें भागलें आहे काय? उत्तरच निघत नाहीं!" गणिताच्या दृष्टीनें विनोद बिनचूक होता. शून्यानें भागाकार करतां येत नाहीं, हें नुकतेंच शिकविलेलें. साठ मुलें खो खो हंसलीं. आम्हांसहि वाटलें, वर्गाला नियम आतां पक्का पाठ झाला. तो झालाच. त्या दिवसापासून त्या मुलीचें नांव 'शून्य' पडलें. मधल्या सुटींत शून्य, नळावर शून्य, बसच्या रांगेंत शून्य. आमच्या कानांवर तें येत असे. वर्गांतील थट्टा म्हणून आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. तिनें हात वर करणें सोडलें, हेंहि आमच्या ध्यानांत आलें नाहीं. शांत वर्गांत तें दिसत नाहीं.

दिवाळीच्या सुटीनंतर तिचे वडील शाळेंत आले. गवंडीकाम करणारे गृहस्थ; कामावरूनच आले होते, कोपरापर्यंत सिमेंट होतें. तक्रार करावयास आले नव्हते. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्हीं आमच्या पोरीला कधीं बोटहि लावलें नाहीं, असें तीच सांगते. पण ती म्हणते, छडी मारली असती तर बरें झालें असतें. छडीचें दुसऱ्या दिवशीं दुखायचें थांबतें."

आम्ही म्हणालों, "बघतों." काय बघणार होतों कोण जाणे.

ते गेल्यावर आम्हीं सतरावें कलम काढून वाचलें. लहानसें कलम आहे. त्याच्या एकाच वाक्यांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं लिहिल्या आहेत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ. सहा वर्षें आम्हीं त्यांतील पहिलीच वाचली होती. छडी कपाटावर ठेवतां आली. जी जीभ तिच्या जागीं हळूहळू तयार होत गेली, जिचे वार दिवसेंदिवस अचूक होत गेले, आणि जिच्या भीतीनें पंख्याचा आवाज ऐकूं येत असे, ती कोणत्या कपाटावर ठेवणार? छडी तरी वर्गाबाहेर पडतांना आम्ही टेबलावर ठेवून जात असूं.

आम्हीं त्या मुलीची माफी मागितली. परंतु ती कशी मागितली, हें लिहिल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. थट्टा साठ मुलांसमोर केली होती. माफी मागितली ती जिन्यांत, आसपास कोणी नाहीं असें पाहून. ती म्हणाली, "असूं दे सर," आणि दप्तर सांवरीत खालीं निघून गेली. वर्गासमोर उभें राहून तेंच चार शब्दांत सांगणें आमच्यानें झालें नाहीं. आपला दरारा जाईल असें वाटलें. पुढें ती दहावी उत्तीर्ण झाली. गणितांत गुण जेमतेम मिळाले. शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास तिचे वडीलच आले होते. त्यानंतर त्या दोघांचीहि गांठ पडलेली नाहीं. हें वार्षिक गांवांत पुष्कळ घरीं जातें. तिच्या घरीं गेलें, तर जिन्यांत जें बोललों तें आम्ही येथें साठांहून अधिक लोकांसमक्ष बोलत आहों, असें तिनें समजावें.

खेळाची हकीकत अर्धी राहिली. पुढें बाहामुत नांवाचा एक ड्रॅगनांचा राजा भेटतो. एका पडक्या किल्ल्यांतून उंदराचें शेंपूट आणून त्याला दाखविलें कीं, तो चौघांनाहि वरचा दर्जा देतो. योद्ध्याचा सरदार होतो आणि त्याला थोडे मंत्रहि येऊं लागतात. मंकचा 'मास्टर' होतो. त्याला मंत्र वगैरे कांहीं मिळत नाहींत. उलट मूळ खेळांत एक चमत्कारिक तोटा आहे. मंक असतांना शत्रूच्या जादूला तोंड देण्याची त्याची शक्ति दर इयत्तेस ४ नें वाढते. मास्टर झाल्यावर ती अवघ्या १ नें वाढते. म्हणून जुने खेळाडू ही बढती लांबणीवर टाकतात, कांहीं तर ती घेतच नाहींत. आम्हीं म्हटलें, बढती मिळत असेल तर घ्यावी; बापानें दुसरें काय म्हणावें? चिरंजीवांनीं बाकीच्या गड्यांचाहि विचार केला, दोन दिवस शेंपूट पिशवींतच ठेवलें, आणि शेवटीं पाय बरा होऊन शाळा सुरू झाल्यामुळें तो प्रश्न तसाच राहिला. मोबाइल आतां फक्त रविवारीं दुपारीं, उपासनेनंतर, एक तास मिळतो.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांना त्या मुलीची गोष्ट सांगितली. येत्या जूनमध्यें ते नववींत, म्हणजे आमच्याच वर्गांत, येणार. तेव्हां त्यांना ती आमच्या तोंडून कळावी, असें वाटलें. त्यांनीं ऐकून घेतली. मग पांघरुणाशीं चाळा करीत म्हणाले, "मला ठाऊक आहे, पप्पा. मोठीं मुलें म्हणतात, तुझ्या पप्पांची छडी दिसत नाहीं."

"अजूनहि म्हणतात?"

"आतां कमी म्हणतात."

त्या 'कमी' या शब्दाचा आंकडा किती धरावा, याचें कोष्टक आम्हांस कोठें मिळालेलें नाहीं. विद्यार्थ्यांपैकीं कोणास ठाऊक असेल तर त्यानें येऊन सांगावें. वर्गांत सांगितलें तरी चालेल.

मध्यंतरीं आम्हीं स्वतःच तो खेळ पहिल्यापासून आरंभिला आहे. रविवारच्या त्या तासांतील शेवटचीं वीस मिनिटें चिरंजीवांनीं आम्हांस दिलीं आहेत. नांवें देण्याची सोय आहे. आम्हीं मंकला आमचेंच नांव दिलें. नन्चाकूहि घेतला आहे. त्यावांचून निभाव लागत नाहीं. बोटें भलतीकडे पडतात, गांवाची वाट चुकते, औषध घ्यावयाचें तेथें आम्ही ठोसा मारतों. आमचा मंक सांप्रत तिसऱ्या इयत्तेंत आहे. गेल्या रविवारीं तो त्याच पहिल्या रानांत, त्याच गॉब्लिनांपुढें पुन्हां आडवा झाला. चिरंजीव शेजारीं बसले होते. ते हंसले नाहींत.